पेसमेकरची ‘बॅटरी’ बदलताना डबीआधी तारांची चौकशी करा

वाचकाचं पत्र:

“सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. २०१४ च्या डिसेंबरात ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ म्हणून त्यांना दोन तारांचा, ड्युअल चेंबर पेसमेकर बसवला. अकरा वर्षं काही तक्रार नव्हती. गेले तीन आठवडे जिना चढताना दम लागतो, मानेत धडधडल्यासारखं होतं आणि नाडी कधीही मोजा, ६५ च भरते. तपासणीत ‘ईआरआय लागलंय, जनरेटर बदलावा लागेल’ असं सांगितलं. नणंदेच्या मुलीचं लग्न अडीच महिन्यांवर आलंय, ते उरकून मग करू, असं घरात चाललंय. पुण्याचे दीर म्हणतात, आता तारा नसलेला कॅप्सूलसारखा पेसमेकर निघालाय, तोच घालू, पैसे गेले तरी चालतील. सासरे म्हणतात, नुसती बॅटरी का बदलत नाहीत, आणि चार्ज का करता येत नाही? सासूबाईंना ठोके मधूनमधून अनियमित होतात म्हणून वॉरफरीन (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) चालू आहे. कंबरेचा एमआरआय पेसमेकरमुळे राहून गेलाय. नवीन ‘एमआरआय सेफ’ घेतला की तो करता येईल ना? रुग्णालयात नेमकं काय काय विचारावं?”
– एक सून, कराड

ताई, आधी तारखेचं बोलू. ईआरआय म्हणजे ‘आता मला बदला’ ही पेसमेकरने दिलेली सूचना. जनरेटर म्हणजे बॅटरी आणि सर्किट असलेली कातडीखालची डबी. तिथून पुढे साधारण तीन महिने तो भरवशाने चालावा, अशा बेताने ती खूण ठरवलेली असते. त्रास तीन आठवड्यांपासून आहे, म्हणजे खूण लागून किमान तेवढे दिवस गेले असं धरून चला. त्यात अडीच महिने मिळवा, हिशेब तीन महिन्यांच्या पार जातो. ज्यांचं हृदय पेसमेकरवाचूनही बऱ्यापैकी चालतं, त्यांना चार-सहा दिवस इकडेतिकडे झाले तर निभावतं. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्याचा संदेश खाली पोचतच नाही. खालचा कप्पा पेसमेकरच्या जिवावर चालतो. येत्या दोन आठवड्यांतली तारीख घ्या. लग्नापर्यंत जखम भरून पदराआड जाईल. तोवर रोज सकाळी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. नाडी ५० च्या खाली गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चक्कर येऊन पडल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी भरती करा.

दम आणि मानेतली धडधड यांचं कारण बहुधा त्या ६५ च्या आकड्यातच आहे. आजवर पेसमेकर वरच्या कप्प्याचं ऐकून मग खालच्या कप्प्याला ठोका देत होता. रिपोर्टवर याला डीडीडी म्हणतात: पहिलं अक्षर कोणत्या कप्प्याला ठोका देतो ते, दुसरं कोणत्या कप्प्याचं ऐकतो ते, तिसरं ऐकल्यावर काय करतो ते. बॅटरी उतरली की बऱ्याच मॉडेलांत पेसमेकर काटकसरीला लागतो. वरच्या तारेचं काम सोडून देतो आणि फक्त खालच्या कप्प्याला मिनिटाला ६५ ठोके देत राहतो. ही झाली व्हीव्हीआय पद्धत. आता वरचा कप्पा आपल्या लयीत आणि खालचा आपल्या. मधली झडप बंद असताना वरचा कप्पा आकुंचन पावला की रक्त उलटं मानेच्या शिरांत उसळतं, तीच धडधड. जिना चढताना वेग वाढायला हवा, तो वाढत नाही, म्हणून दम. नवी डबी बसून डीडीडी सुरू झालं की हा त्रास बहुतेकांचा एक-दोन दिवसांत जातो. नाही गेला, तर पुढे इकोबद्दल (हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल) लिहिलंय ते लक्षपूर्वक वाचा.

सासऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. गंमत म्हणजे माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर चार्ज करायचाच होता. ८ ऑक्टोबर १९५८, स्वीडनमधलं कारोलिन्स्का रुग्णालय. इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांनी दोन ट्रान्झिस्टर आणि निकेल-कॅडमियमचा सेल इपॉक्सी रेझिनमध्ये ओतून वडी केली. साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली. सर्जन ओके सेनिंग यांनी ती ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या पोटाच्या कातडीखाली बसवली. चार्जिंग बाहेरून, कातडीवर वेटोळं ठेवून. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत, ८६ व्या वर्षापर्यंत जगले. अमेरिकेत १९७३ च्या सुमारास चार्ज होणारा पेसमेकर पुन्हा बाजारात आला, आठवड्यातून एकदा तासभर चार्जिंग. तोही मागे पडला. चार्ज करायला विसरलं तर हृदय थांबणार, आणि ज्याला विसरायचं नाही तो रुग्ण पंचाहत्तरीचा. शिवाय चार्जिंगचा सेलही काही वर्षांत दमतोच, म्हणजे ऑपरेशन चुकत नाही. प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकरही १९७० पासून काही वर्षं बसवले गेले. बॅटरी पिढीभर पुरायची, पण किरणोत्सर्गी वस्तूचा हिशेब ठेवत बसणं कोणाला परवडणार?

प्रश्न सुटला तो १९७२ मध्ये लिथियम-आयोडीन सेलने. त्याआधीचे पारा-जस्ताचे सेल हायड्रोजन वायू सोडत. वायू बाहेर पडायला वाट हवी, म्हणून डबी हवाबंद करता येत नसे; मग त्याच वाटेने शरीरातला ओलावा आत शिरून सर्किट खराब होई. दोन वर्षांत बदलायची पाळी. लिथियम-आयोडीनमध्ये वायू निघत नाही, त्यामुळे सेल आणि सर्किट टायटॅनियमच्या डबीत घालून लेझरने झाळून कायमचं बंद करता आलं. नुसती बॅटरी बदलता येत नाही ती याच कारणाने. झाळ उघडली की ओलावा आत गेलाच. आणि या सेलची दुसरी खुबी जास्त मोलाची. तो एकदम मरत नाही, वापरता वापरता त्याचा आतला विद्युतरोध हळूहळू वाढत जातो आणि पेसमेकर तो मोजत राहतो. ईआरआय आधी कळतं ते यामुळेच.

आयुष्याचं गणितही सांगतो, नव्या डबीसाठी उपयोगी पडेल. बॅटरीत १.२ अँपियर-तास वीज आहे असं धरा. पेसमेकर सरासरी २० मायक्रोअँपियर ओढत असेल तर ६०,००० तास, म्हणजे सहा वर्षं दहा महिने. तोच १२ मायक्रोअँपियर ओढत असेल तर एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षं पाच महिने. फरक पडतो तो ठोक्याचं व्होल्टेज किती ठेवलंय यावर. व्होल्टेज निम्मं केलं की प्रत्येक ठोक्याची ऊर्जा पावपट होते. म्हणून ‘किती वर्षं टिकेल’ हे कंपनीच्या माणसाला विचारण्यापेक्षा, सुमारे तीन महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत ‘आउटपुट कमी करता येईल का’ हे डॉक्टरांना विचारा. ते पहिल्या दिवशीच्या व्होल्टेजवर तसंच राहून गेलं तर वर्षं फुकट जातात.

आता मुख्य गोष्ट. घरात चर्चा डबीची चालली आहे, पण सासूबाईंच्या छातीतली मोलाची आणि नाजूक चीज डबी नव्हे. ती आहे तारा, ज्यांना डॉक्टर ‘लीड’ म्हणतात. डबी कातडीखाली स्वस्थ पडून असते. तार गळ्याच्या हाडाखालून शिरेत शिरते, हृदयात उतरते आणि प्रत्येक ठोक्याला वाकते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख, वर्षाला साडेतीन कोटींवर; अकरा वर्षांत चाळीस कोटी वेळा. आत बारीक धातूचं वेटोळं, वर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं आवरण. टोकाशी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा मिलिग्रॅमहूनही कमी डोस असतो, हे १९८० च्या दशकातलं संशोधन. त्यामुळे टोक टेकलं तिथे सूज कमी राहते आणि थोड्या व्होल्टेजवर ठोका लागतो. तार बिघडते ती बहुधा गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात, नाहीतर डबीजवळच्या वेटोळ्यात, जिथे ती डबीवर घासते.

म्हणून डबी बदलण्याआधी दोन्ही तारांचे तीन आकडे कागदावर मागा. इम्पीडन्स, थ्रेशोल्ड आणि सेन्सिंग. इम्पीडन्स म्हणजे तारेतून जाणाऱ्या विजेला होणारा रोध; तो बहुतेक तारांत ३०० ते १००० ओहमच्या आसपास असतो, काही खास तारांत मुळातच जास्त. २०० च्या खाली घसरला तर आवरण फाटल्याची शंका, २००० च्या वर गेला तर आतला धातू तुटल्याची किंवा जोडणीचा स्क्रू ढिला असल्याची. थ्रेशोल्ड म्हणजे किती व्होल्टला ठोका लागतो: ०.४ मिलिसेकंदाला एक-दीड व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, तीनच्या पुढे असेल तर विचार करावा लागतो. सेन्सिंग हे हृदयाच्या स्वतःच्या विजेचं माप. खालच्या तारेचा हा आकडा सासूबाईंच्या रिपोर्टवर कदाचित नसेलच, कारण त्यांच्या खालच्या कप्प्याला स्वतःचा ठोकाच फारसा नसेल. ती तारेची खोट नव्हे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा अकरा वर्षांचा कल महत्त्वाचा. ५५० वरून ५२० झालेला इम्पीडन्स निरोगी आहे. सहा महिन्यांत ५५० वरून १४०० झाला असेल, तर मर्यादेत दिसला तरी त्याची तड लावायलाच हवी. जुने प्रिंटआउट घरात असतील तर शोधा, फाइलमध्ये शाई उडालेले थर्मल कागद असतील तर आजच फोटो काढून ठेवा.

तारा चांगल्या असतील तर काम पाऊण-एक तासाचं आहे. भूल फक्त जागेपुरती. जुन्या व्रणावरच छेद घेतात, डबीभोवती शरीराने विणलेली पांढरी पिशवी (हिलाच ‘खिसा’ म्हणतात) उघडून डबी वर काढतात. छोट्या पेचकसाने स्क्रू सैल करून तारेची पिन बाहेर, पुसून कोरडी करून नव्या डबीच्या भोकात. पिन स्क्रूच्या पलीकडे पोचलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे; मग पेचकस ‘टक’ वाजेपर्यंत आवळायचा आणि तार हलकेच ओढून बघायची. इथेच चुका होतात: पिन अर्धवट राहते, स्क्रू ढिला राहतो, क्वचित वरची तार खालच्या भोकात जाते. मांस कापणाऱ्या विजेच्या कॉटरीचा चटका लागून पॉलियुरेथेनचं आवरणही वितळू शकतं. टाके घालण्याआधी प्रोग्रामरवर (पेसमेकर बाहेरून तपासायच्या आणि जुळवायच्या यंत्रावर) तीनही आकडे पुन्हा बघतात ते यासाठी.

सासूबाईंच्या बाबतीत जोखमीचा क्षण म्हणजे जुन्या डबीतून खालची तार सोडून नव्या डबीला जोडेपर्यंतचा. तेवढा वेळ त्यांच्या हृदयाला आधार कशाचा? कोणी जांघेतून तात्पुरती तार आधी घालून ठेवतं, कोणी बाहेरच्या यंत्राच्या चिमट्यावर तार घेऊन काही सेकंदांत बदल करतं. दोन्ही पद्धती चालतात. तुम्ही एवढंच विचारा, “त्या पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहेत का हे तपासलंत ना, आणि बदलताना आधाराची सोय कशी आहे?” आणखी एक, कंपनीचा तंत्रज्ञ प्रोग्रामर घेऊन हजर लागतो, आणि प्रोग्रामर ज्या त्या कंपनीचाच चालतो. जुनी आणि नवी डबी वेगवेगळ्या कंपन्यांची असेल तर दोघांनाही बोलवावं लागतं. तारीख ठरवताना हे आधी जुळवा.

तार खराब निघाली तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या ‘रिप्लेस’ नावाच्या नोंदणी-अभ्यासात (२०१०) नुसती डबी बदललेल्यांत सहा महिन्यांत मोठ्या गुंतागुंती ४ टक्के होत्या. त्याच वेळी नवी तार घालायची ठरलेल्यांत १५.३ टक्के. अकरा वर्षांत शीर अरुंद किंवा बंदही झालेली असू शकते, म्हणून नवी तार लागेल असं वाटलं तर आधी हातात औषध सोडून शिरेचा फोटो काढून घ्यावा. टेबलावर गेल्यावर ‘शीर बंद आहे’ कळणं हे टाळता येण्याजोगं आहे.

याच तारांना कंटाळून तारेविना पेसमेकर आला. माणसात पहिल्यांदा बसवला तो २०१२ च्या अखेरीस, अमेरिकेत मान्यता २०१६ मध्ये. पहिल्या मान्य कॅप्सूलची लांबी २६ मिलिमीटर, वजन सुमारे दोन ग्रॅम. तुमच्या सासूबाईंची डबी पंचवीस-तीस ग्रॅमची असेल. जांघेच्या शिरेतून नऊ मिलिमीटर जाडीच्या नळीने तो खालच्या कप्प्यात नेतात, तिथे निटिनॉल या लवचीक धातूच्या चार हुकांनी तो स्नायूला धरतो. खिसा नाही, तार नाही, व्रण नाही. २०२० मध्ये वरच्या कप्प्याची हालचाल ओळखून त्या लयीने ठोका देणारी आवृत्ती आली, २०२३ मध्ये दोन कप्प्यांत दोन कॅप्सूल बसवून त्यांनी एकमेकींशी रक्तातून संदेशांची देवाणघेवाण करायची पद्धत.

शोध सुंदर आहे. तरीही तारांचे आकडे चांगले असतील तर सासूबाईंना तो घालू नये, असं आमचं स्पष्ट मत. चालू असलेल्या दोन तारा आत बेकार टाकून, नव्या जागेतून, नवी जोखीम घेऊन, कित्येक पट पैसे देऊन मिळणार काय? एकच कॅप्सूल घातली तर वरच्या कप्प्याला ठोका देणं गेलं. आणि तिचीही बॅटरी कधीतरी संपणार. हुकांची कॅप्सूल तोवर स्नायूत रुतलेली असते, तेव्हा बहुधा ती बंद करून शेजारी दुसरी घालतात. (स्क्रूसारखी बसणारी जात बाहेर काढता यावी अशीच घडवली आहे.) तारेविना पेसमेकर ज्यांच्यासाठी वरदान आहे ते लोक वेगळे: डायलिसिसचे रुग्ण, ज्यांच्या हाताच्या शिरा राखून ठेवायच्या असतात, छातीच्या शिरा बंद झालेले, आणि खिशात एकदा जंतुसंसर्ग होऊन सगळं काढावं लागलेले. दिरांना हे समजावून सांगा. सासूबाईंची तार निकामी निघाली आणि शीरही बंद असली, तर मात्र त्यांचा मुद्दा पुन्हा टेबलावर घ्या.

त्यापेक्षा दिरांनी हट्ट धरायचाच तर टू-डी इकोचा धरावा. ही तपासणी डबी बदलताना फार वेळा राहून जाते. खालची तार साधारणपणे उजव्या कप्प्यात असते. तिथून ठोका गेला की उजवी भिंत आधी हलते आणि डावी मागाहून. वर्षानुवर्षं शंभर टक्के ठोके असेच गेले तर काही रुग्णांचं हृदय ढिलं पडतं. इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) बघा आणि २०१४ च्या आकड्याशी ताडा. तेव्हा ६० होतं आणि आज ४० भरलं, तर नुसती डबी बदलून भागणार नाही. डाव्या बाजूलाही तार घालून दोन्ही भिंती एकत्र हलवणारी सीआरटी, किंवा हृदयाच्या मूळ विद्युतवाहिनीतच तार रोवणारी लेफ्ट बंडल पद्धत, जी चीनमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडली, यांचा विचार त्याच ऑपरेशनात व्हायला हवा. आज नुसती डबी बसवून सहा महिन्यांनी तोच खिसा पुन्हा उघडणं सगळ्यांत वाईट, कारण दर वेळी खिसा उघडला की जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

वॉरफरीन स्वतःहून बंद करू नका आणि ‘चार दिवस गोळी थांबवून पोटात हेपारिनची (गुठळी रोखणाऱ्याच दुसऱ्या औषधाची) इंजेक्शनं’ या सल्ल्यालाही लगेच मान डोलावू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रुज कंट्रोल’ चाचणीत वॉरफरीन चालू ठेवलेल्यांत खिशात रक्त साचून त्रास झाला ३.५ टक्के जणांना, हेपारिनवाल्यांत १६ टक्के जणांना. ऑपरेशनच्या दिवशी आयएनआर (वॉरफरीनचा रक्तावरचा परिणाम मोजणारा आकडा) ३ च्या वर नसावा, तो आदल्या दिवशी तपासून घ्या. अंतिम निर्णय डॉक्टरांचा, पण हा प्रश्न त्यांच्याशी बोलून ठरवा, औषधाच्या दुकानात नव्हे.

एमआरआयचं थोडं फसवं आहे. ‘सेफ’ हा जाहिरातीचा शब्द. खरा शब्द ‘कंडिशनल’, म्हणजे अटींवर. आणि अट एकट्या डबीला लागत नाही, डबी आणि तारा मिळून लागते. एमआरआयच्या रेडिओलहरींत लांब तार अँटेनासारखी वागते आणि टोक तापतं. नवी डबी घेतल्याने जुनी तार बदलत नाही. २०१४ च्या तारांचे मॉडेल नंबर जुन्या पेसमेकर कार्डावर असतील. डबी त्याच कंपनीची घेतली आणि त्या तारा कंपनीच्या यादीत असल्या, तरच पूर्ण संच कंडिशनल ठरतो. म्हणूनच ‘दुसऱ्या कंपनीची डबी स्वस्त पडते’ असं कोणी म्हणालं तर आधी हे विचारा. संच यादीत बसला नाही तरी दारं बंद होत नाहीत: अमेरिकेत यादीबाहेरचे पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर (धोक्याची लय थांबवायला शॉक देणारं यंत्र) असलेल्या १५०९ रुग्णांचे १.५ टेस्लाच्या यंत्रावर देखरेखीखाली एमआरआय करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दूरगामी इजा आढळली नाही. पण त्यासाठी आधी-नंतर प्रोग्रामिंग आणि शेजारी हृदयाचा डॉक्टर हवा. साध्या स्कॅन सेंटरमध्ये गळ घालून करायची ही गोष्ट नाही. नवी तार घातली गेली तर सहा आठवडे थांबावं लागेल.

ऑपरेशनच्या दिवशी छेदाच्या आधी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा डोस मिळाला का ते बघा. नंतरच्या आठवडाभराच्या गोळ्यांपेक्षा तो एक डोस जास्त कामाचा. डबीचं खोकं टेबलावर फोडण्याआधी त्यावरचा मॉडेल, सिरियल नंबर आणि मुदत नातेवाइकांना दाखवायला सांगा, आणि स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. बिलात तारांची किंमत लागली असेल तर तार खरंच घातली का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घरी आल्यावर हात बांधून ठेवायची प्रथा आहे. तारा जुन्या असतील तर त्या कधीच्या स्नायूला घट्ट झाल्यात, खांद्याची भीती नाही. जखमेपुरता आठवडाभर जपा. हात गळ्यात अडकवून ठेवला तर महिन्यात खांदा आखडतो आणि तो मोकळा करणं पेसमेकरपेक्षा अवघड जातं. नवी तार घातली असेल तर मात्र चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये आणि पाण्याची कळशी त्या हाताने उचलू नये. पट्टी सात ते दहा दिवस कोरडी. खिसा फुगला, निळा पडला तर लगेच दाखवा, पण कोणालाही त्यात सुई घालून रक्त काढू देऊ नका. साचलेलं रक्त बहुधा आपोआप जिरतं. सुईने मात्र जंतू आत जातात. आणि खिशात एकदा जंतू शिरले की गोळ्यांनी भागत नाही, डबी आणि अकरा वर्षांच्या रुतलेल्या तारा सगळं ओढून काढावं लागतं, तेही मोजक्याच केंद्रांत. महिन्यांनंतरही कातडी लाल, पातळ किंवा चमकदार दिसू लागली तर मलम लावत बसू नका.

घरातल्या मिक्सर, टीव्ही, वॉशिंग मशीनची भीती सोडा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा. मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवायची सवय असेल तर ती मोडा, विशेषतः पाठीला चुंबक असलेला फोन किंवा कव्हर. पंधरा सेंटिमीटर दूर पुरे. सांधेदुखीसाठी विकले जाणारे चुंबकाचे पट्टे आणि गाद्या घरात नकोतच. चुंबक डबीवर आला की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक वेगाने ठोके देत सुटतो. गिझरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि कंबरदुखी आहे म्हणून मुद्दाम लिहितो: फिजिओथेरपीतला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक पूर्ण वर्ज्य, कंबरेला सुद्धा. ती ऊर्जा तारेत शिरून टोकाशी स्नायू जाळू शकते. गरम पाण्याची पिशवी चालते. तिथे गेल्यावर ‘पेसमेकर आहे’ हे कार्ड दाखवूनच सांगा, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पैशांचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकरचं पॅकेज आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून फक्त डबी बदलायला मंजुरी मिळते का, ड्युअल चेंबरला मिळते का, हे भरतीआधी विचारा; मंजुरी आधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. तारेविना पेसमेकर त्यात मिळेल असं गृहीत धरू नका.

काढलेली जुनी डबी मागितलीत तर मिळू शकते. ती कचऱ्याबरोबर पेटवू नका, लिथियमचा सेल तापला की स्फोट होतो. चितेआधी पेसमेकर काढून घेतात तो त्यासाठीच. जुनं कार्ड मात्र नव्या कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवा. नव्यावर डबीचा नंबर असेल, तारांचे नंबर जुन्यावरच आहेत.